नऊ ठिपक्यांचा चौरंग

माझा धाकटा भाऊ जपानात एका मोटारीच्या कारखान्यात नोकरीला लागला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्याला काही ना काही आणायला सांगितलं. कोणाला घड्याळ हवं होतं, कोणाला कॅमेरा, त्याच्या सासूला गुडघ्यावर बांधायचा पट्टा. मी म्हटलं, "तिकडच्या जुन्या बाजारात लाकडी खेळ मिळत असतील तर बघ. नवा नको. कोणीतरी खेळून खेळून गुळगुळीत केलेला आण."

मी आरमोरीच्या एका शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईंना खेळ आवडत असतील यावर आजवर एकाही विद्यार्थ्याचा विश्वास बसलेला नाही.

पहिल्या खेपेला त्याने शोगीचा डबा आणला. शोगी म्हणजे तिकडचं बुद्धिबळ. सोंगट्या चपट्या, पाचकोनी, कौलारू घराच्या भिंतीसारख्या, आणि त्यांच्यावर शाईने लिहिलेली अक्षरं. त्यातलं एक प्यादं इतरांपेक्षा वेगळं होतं. मूळचं कुठेतरी हरवलं असावं आणि घरातल्या कोणीतरी लाकडाची ढलपी कापून, पेनने अक्षर गिरवून त्याच्या जागी दुसरं करून ठेवलं होतं. अक्षर जरा तिरकंच आलं होतं. ते प्यादं मी बराच वेळ हातात धरून बसले. कोण कुठलं घर, कोण कुठली माणसं, पण डाव अडू नये म्हणून कोणीतरी चाकू घेऊन बसलं होतं. तेव्हापासून मला नादच लागला.

भाऊ सांगायचा, तिकडे म्हातारी माणसं गेली की मुलं त्यांचे खेळ मोडीत काढतात. घरं लहान, ठेवायला जागा नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात ढिगाने पडून असतात. त्या ढिगातून तो माझ्यासाठी एकेक उचलून आणायचा. एकदा त्याने सुगोरोकूचा छापील कागद आणला, आपल्या सापशिडीसारखा फाशाने खेळायचा. घडी घालून घालून मधोमध विरलेला. त्याच्या एका घरात छत्री घेतलेली बाई होती आणि तिला कोणा पोराने पेन्सिलने भरघोस मिश्या काढल्या होत्या. मग आल्या 'गो' नावाच्या तिकडच्या कोंडीच्या खेळाच्या सोंगट्या, काळ्या पाटीच्या दगडाच्या आणि पांढऱ्या शिंपल्याच्या, दोन गोल लाकडी डब्यांत भरलेल्या. माझ्या सासूबाईंनी पांढरी सोंगटी डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्या गोया कोनाले लागते वो? कोन आजारी हाये?"

डबे वाढत गेले. कपाटाचा खालचा कप्पा गोधड्यांचा होता, तो मी हळूहळू व्यापला. गोधड्या माळ्यावर गेल्या. माळ्यावर उंदीर होते. पुढचं सांगायची गरज नाही. हिवाळा सुरू झाला, सासूबाईंनी आवडती गोधडी खाली काढली, ती उजेडात धरली आणि तिच्या आरपार मला पाहिलं.

"आता या घरात एक बी डब्बा येनार नाई," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. डबा येणार नाही हे मी कबूलच केलं होतं. पटाबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

कारण गोच्या सोंगट्या माझ्याकडे होत्या, पण पट नव्हता. मी पुठ्ठ्यावर स्केचपेनने रेघा मारून काम भागवत होते. खरा जुना पट म्हणजे एकाच लाकडाचा ठोकळा असतो, हातभर लांब, वीतभर जाड, खाली चार ठेंगणे कोरीव पाय. जमिनीवर ठेवायचा आणि दोघांनी समोरासमोर मांडी घालून बसायचं. एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या. भावाला मी त्याआधीच वर्षभर फोनवर भुणभुण लावली होती. शेवटी त्याच दिवाळीला येताना त्याने तो आणला. वहिनीच्या साड्यांसाठी ठेवलेल्या बॅगेतून आणला, त्यामुळे वहिनी माझ्याशी त्या दिवाळीत फक्त कामापुरतं बोलली.

नागपूरच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली म्हणे. साहेबाने विचारलं, हे काय आहे? भावाला गो समजावून सांगायचा कंटाळा आला. तो म्हणाला, "पाट आहे साहेब, बसायचा." साहेबाने हाताने दाबून पाहिला आणि म्हणाला, "मजबूत आहे."

तिथून गाडीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत तो पट आरमोरीला पोचला. भाऊ आणि माझा नवरा, दोघांनी दोन बाजूंनी धरून तो ओसरीवर ठेवला. मी भोवतीची चादर सोडली. मधासारखा पिवळा रंग, रेघा अजून ठळक, आणि एका कडेला कोणाची तरी बोटं वर्षानुवर्षं टेकून पडलेली चकाकी. मी त्या चकाकीवर बोटं टेकवून पाहिली.

तेवढ्यात सासूबाई आतून हात पुसत आल्या. पटाभोवती एक चक्कर मारली. वाकून पाय पाहिले. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई, चौरंग आनला का वो माह्यासाठी?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"कसा आहे?" मी विचारलं.

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गोधडी अजून दोरीवरच होती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

"गज्जब हाये," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या इकडे असा सागवानाचा बी नाई भेटत. थांब, चिंच लावून घासून काढते."

त्या चिंच आणायला वळल्या तशी माझी पाचावर धारण बसली. मी वाटेत आडवी आले. "बाई, याला पाणी चालत नाही. जपानी लाकूड आहे. पाणी लागलं की तडकतं. कोरड्या फडक्यानेच पुसायचं."

"कोरड्या फडक्यानं? देवाच्या चौरंगाले?"

"तिकडे तशीच पद्धत आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "बरं बापा. तिकडचं तिकडच्यालेच माहीत." आणि फडकं आणलं.

माझा बेत साधा होता. चार दिवस चौरंग म्हणून राहू द्यायचा, राग निवला की हळूच आपल्या खोलीत न्यायचा. पण लगेच आलेल्या गुरुवारी सासूबाईंनी त्यावर पोथी ठेवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारच्या तांदूळ गिरणीवाल्या भाऊंची बायको वाटीभर साखर मागायला आली, तिने तो पाहिला आणि साखर विसरून तोच मागून नेला. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजेला आलेल्या महाराजांनी चौरंग बघितला आणि म्हणे हातातली पळी खाली ठेवली.

हे मला सासूबाईंनीच येऊन सांगितलं. "महाराज म्हनते, हा साधा चौरंग नाई. याच्यावर नऊ ठिपके हाये. नऊ ग्रहाचे नऊ. पहिले कोनी लक्षच नाई देल्लं."

गोच्या पटावर नऊ ठिपके असतातच. तिकडे त्यांना 'तारे' म्हणतात. मोठ्या पटावर नजर चुकू नये म्हणून खुणेचे असतात ते, बस. पण तारे म्हटल्यावर मी काय बोलणार? त्या नऊ ठिपक्यांवर महाराजांनी नऊ सुपाऱ्या ठेवल्या, एकेका ग्रहाची एकेक, आणि त्या इतक्या नेमक्या बसल्या की गिरणीवाल्या भाऊंना भरून आलं.

त्यानंतर आमच्या गल्लीत आणि मग मागच्या गल्लीत पट फिरायला लागला. कोणाचं बारसं, कोणाची वास्तू, कोणाचा नवस. सकाळी कोणीतरी पोतं घेऊन यायचं, "बाई, तो नवग्रहाचा चौरंग पायजे होता," आणि सासूबाई उदार मनाने म्हणायच्या, "ने की. देवाच्या कामाले नाई म्हनू नाई." मी दारात उभी राहून ओरडायचे, "पाणी नाही लावायचं बरं का! उन्हात नाही ठेवायचा!" लोक मला हसायचे. एकदा तो परत आला तर पायाशी आंब्याचं पान चिकटलेलं होतं आणि मधोमध कुंकवाचा गोल. मी कापसाच्या बोळ्याने तासभर टिपत बसले. नवरा दाराशी उभा राहून म्हणाला, "पुण्य लागत आहे तुला." त्याला त्या दिवशी मी चहा दिला नाही.

रात्री जेवणं झाली की पट घरात असला तर मी त्याच्यावर चार सोंगट्या मांडायचे. सासूबाई येण्याची चाहूल लागली की सोंगट्या ओंजळीत, ओंजळ पदरात. इतक्या चपळाईने मी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं. दार उघडून त्या विचारायच्या, "काय करून राह्यली?" मी म्हणायचे, "चौरंग पुसते आहे." "पूस पूस," त्या म्हणायच्या.

मधल्या काळात मोबाइलवर गो खेळणाऱ्यांच्या एका गटात माझी एका माणसाशी ओळख झाली होती. ते राजुऱ्याचे निघाले. कोळसा खाणीत सर्व्हेअर. जमिनीखालचे नकाशे काढता काढता वेळ उरला की फोनवर गो खेळायचे. आमच्या दोन जिल्ह्यांत हा खेळ माहीत असलेली बहुधा आम्ही दोघंच. खरा पट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी फोटो पाठवला तर दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी लिहिलं, "मॅडम, मी रविवारी येतो. हात लावून पाहीन फक्त."

रविवारी पट गिरणीवाल्या भाऊंकडे जाणार होता. वरचा मजला बांधून झाला होता, वास्तुशांती होती. अख्खं गाव जेवायला बोलावलेलं. मी सासूबाईंना म्हटलं, या वेळी द्यायला नको, माझ्याकडे पाहुणे येणार आहेत.

"पाहुन्याले चौरंगावर बसवते का?" सासूबाईंनी विचारलं. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

पट गेला.

सर्व्हेअर दोन बस बदलून भर दुपारी आले. बारीक चणीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या नजर घरभर फिरली. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पूजेत आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो. "मग दर्शनाला जाऊ," ते म्हणाले.

गिरणीवाल्या भाऊंच्या वरच्या मजल्यावर मंडळी बसली होती. पट मधोमध. त्याच्या मध्यबिंदूवर कलश, नऊ ठिपक्यांपैकी बाकीच्या आठांवर सुपाऱ्या, नववी सुपारी कलशाच्या पायाशी. सर्व्हेअरांनी आधी हात जोडले. मग माझ्याकडे झुकून कुजबुजले, "मॅडम, पहिलीच चाल मधोमध?"

गो खेळणारा कोणी पहिली सोंगटी मधोमध ठेवत नाही, कोपऱ्यापासून सुरुवात करतो. मला हसू फुटलं, मी पदर तोंडाला लावला.

"आणि नऊ सुपाऱ्या," ते पुढे म्हणाले. "समोरचा फारच कच्चा असला की त्याला आधीच नऊ सोंगट्या मांडून देतात, याच नऊ ठिकाणी. ग्रहांना मोठीच सूट दिली की यांनी."

आता माझे खांदे हलायला लागले. महाराजांनी मंत्र म्हणता म्हणता एकदा माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पलीकडे बायकांत बसल्या होत्या. त्या माझ्याचकडे पाहत होत्या, आणि त्यांचं पूजेत लक्ष आहे असं मला काही वाटलं नाही.

जेवणं झाली. महाराजांनी अक्षता वाहून कलश हलवला. मी म्हटलं, आता चौरंग घेऊन जाते. गिरणीवाले भाऊ म्हणाले, एवढ्या उन्हात कुठे नेता, राहू द्या संध्याकाळपर्यंत. सर्व्हेअर पटाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी हात लावला. एका रेघेवरून बोट फिरवत पार दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. त्यांचा चेहरा पाहून माझं मन विरघळलं. संध्याकाळच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं.

मी घरी गेले, सोंगट्यांचे दोन्ही डबे घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत पटावर पहिली काळी सोंगटी ठेवली. खणकन आवाज झाला. पुठ्ठ्यावर तसला आवाज कधी झाला नव्हता.

"हे काय?" गिरणीवाल्या भाऊंनी विचारलं.

"खेळ आहे भाऊ. गो म्हणतात."

"गो म्हनजे गाय?" महाराज पुढे सरकत म्हणाले. "गोमातेचा?"

"नाही महाराज. जपानी गो. आपली सोंगटी टाकून समोरच्याची कोंडी करायची. चारी बाजूंनी कोंडली की ती उचलायची."

एवढं पुरलं. आमच्याकडे गावात पारावर दगडावर रेघा ओढून वाघ-बकरी खेळतात, त्यामुळे कोंडीचं तत्त्व समजायला कोणाला वेळ लागला नाही. जेवून सुस्तावलेले पुरुष एकेक करून भोवती आले. पहिल्या पाच चाली ते गप्प होते. नंतर कोणाला राहवेना.

"मॅडम, इथी ठेवा ना, इथी!"

"अरे तिथी कायले? तो मरते तिथी."

"पाहुने, तुमचं मागून येऊन राह्यलं पाहा."

"बाप्पा, हे तं गेलंच आता!"

सर्व्हेअर बिचारे फोनवर एकट्याने खेळणारे. कानाशी एवढा गलका त्यांना सवयीचा नव्हता. सोंगटी बोटांत धरून हात हवेतच राहायचा. गिरणीवाले भाऊ तर एकदा त्यांचा हात धरून दुसरीकडे नेऊ लागले. तेव्हा माझ्यातली गणिताची बाई जागी झाली.

"थांबा," मी म्हटलं. सोंगट्या कुठे आहेत ते सर्व्हेअरांनी फोनवर टिपून घेतलं, आम्ही त्या बाजूला काढल्या आणि दोघांनी मिळून पट उलटा केला. "हे पाहा. याचे पाय कशासारखे कोरलेत? अनंताच्या झाडाच्या फळासारखे. त्या फळाला जपानीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो, तोंड नसलेला. म्हणजे बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि हा मधला खड्डा दिसतो? जुन्या काळी सामुराई खेळायला बसायचे. मधे जो बोलेल त्याचं मुंडकं उडवायचे आणि पट उलटा करून या खड्ड्यात ठेवायचे."

खाली अंगणात पत्रावळी गोळा करणाऱ्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या.

मला वाटलं, जिंकले. मग गिरणीवाले भाऊ हळूच म्हणाले, "म्हनजे... माह्या घराची वास्तुशांती मुंडक्याच्या पाटावर झाली?"

आता माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले होते. गल्लीतली बारशी, सत्यनारायण, नवस, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. समोर बसलेल्या प्रत्येकाने तो पट कधी ना कधी घरी नेला होता, आणि प्रत्येकजण मनात तेच मोजत होता. मी घाईघाईने सांगायला लागले, "भाऊ, ती नुसती गोष्ट आहे. खड्डा लाकूड तडकू नये म्हणून असतो, आणि सोंगटीचा आवाज घुमावा म्हणून. मुंडकं वगैरे कोणी ठेवलं नाही. हा तर एखाद्या म्हाताऱ्याच्या घरचा असेल, पेन्शनीतल्या माणसाचा..."

"पन मंग तुम्ही चौरंग काऊन म्हनला याले?"

"मी नाही म्हटलं," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज पानाला चुना लावत होते. त्यांनी घाई केली नाही. पान दुमडून गालात ठेवलं.

"देव बसवला तवा पाट देवाचा," ते म्हणाले. "देव उठवला का पाट आपला. आत्ता उठवलाय. खेळा."

भाऊंचं समाधान झालं नव्हतं. "पन मुंडकं, महाराज..."

"अरे मुंडकं मुंडकं काय लावलं?" बायकांच्या बाजूने सासूबाईंचा आवाज आला. "तुले वास्तुशांतीच पायजे होती ना? मधात बोलनारेच नाई राह्यले तं घरात शांतीच शांती!"

आधी भाऊंची बायको हसली. खो खो हसली, कारण त्या घरात मधात कोण बोलतं हे तिला चांगलं माहीत होतं. मग बाकीचे. शेवटी भाऊही हसले आणि डाव पुन्हा मांडला गेला. पुढे लोक गप्प बसले असं नाही, पण बोलायच्या आधी गळ्यावरून हात फिरवायला लागले. सर्व्हेअरांनी मला साफ हरवलं. हरल्याचं मला काही वाटलं नाही. माझं अर्धं लक्ष सासूबाईंकडे होतं. घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार, याचा मी मनातल्या मनात सराव करत होते.

सर्व्हेअरांना गाडीत बसवून दिलं. भाऊंच्या पोरांनी पट घरी आणून टाकला. मग मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"बाई, तो चौरंग नाही."

"मले माहीत हाये."

"आज कळलं ना..."

"आज नाई वो. पयल्याच दिवशी. तुहा नवरा रात्रीच येऊन सांगून गेला मले. म्हने, आई, तो खेळाचा पाट हाये, बोलू नोको तिले, ती भेली हाये."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायला लागला. पाणी त्याने सकाळीच घातलं होतं.

"मग एवढे दिवस घरोघरी का देत होतात?"

सासूबाईंनी पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकवली. खूप दिवस पोटात ठेवलेली मिठाई बाहेर काढावी तसं त्यांचं बोलणं होतं.

"म्हटलं, आज सांगन, उद्या सांगन. तू सांगतच नाई. मंग मीही नाई सांगतलं. आन खरं सांगू? मजा येत होती वो. चौरंग बाहेर निघाला का तू दारात अशी उभी राहे, जशी लेकीची पाठवनी करून राह्यली. पानी नोको लावू, उन्हात नोको ठेवू!" त्यांनी माझा आवाज इतका हुबेहूब काढला की अंगणातला नवरा फसकन हसला. "रात्रीची सोंगट्या लपवे पदरात, तं पदर असा वजनानं लोंबे. मी दारातून म्हनो, पूस पूस."

"आणि ते नवग्रह? महाराजांना तर खरंच..."

"ते ठिपके महाराजाले दिसलेच नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मीच दाखवले."

गोधडीचा हिशेब पुरता फिटला होता, व्याजासकट.

त्यांचं हसून झालं. मग पट स्वतःकडे ओढून घेत म्हणाल्या, "शिकव मंग मले आता. एवढे लोक पाहून राह्यले होते म्हनजे काईतरी असन याच्यात."

गोचे पूर्ण नियम एकदम सांगणं अवघड म्हणून मी त्यांना सोपा प्रकार शिकवला, त्याच पटावरचा: ज्याच्या पाच सोंगट्या आधी एका ओळीत येतील तो जिंकला. पहिल्या आठवड्यात त्या हरत होत्या. दुसऱ्या आठवड्यात जिंकायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्या लोटाभर पाणी पिण्याच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात पाठवतात आणि मी परत येईपर्यंत पटावरची परिस्थिती बदललेली असते. मी विचारलं, ही सोंगटी इथे कधी आली? तर म्हणाल्या, "तुहं ध्यान कुठी राहते खेळताना?"

चार सोंगट्या तर मी त्यांच्या मांडीखालून काढल्या आहेत. त्यांना त्याची जराही लाज वाटत नाही.

आता मला खरं सांगायचं तर त्या पटाकडे पाहताना पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. मधोमध कुंकवाची एक फिकी लालसर छटा राहिलीच आहे, कितीही टिपलं तरी निघत नाही. भावाला फोटो पाठवला तर त्याने लिहिलं, जपानी माणूस हे पाहून रडेल. असेलही. पण ज्या घरून हा आला तिथे कोणाच्या तरी बोटांची चकाकी कडेला पडली होती, ती मी जपलीच ना? मग आमच्या आरमोरीचं थोडं कुंकू लागलं तर तेही त्याचंच. पुढे कधी हा कोणा तिसऱ्याच्या हाती गेला, तर तो माणूस त्या लाल डागाकडे बघून विचारात पडेल, एवढी गंमत मी त्याच्यासाठी ठेवून जाणार आहे. वर एक ओळही लिहून ठेवणार नाही.

सर्व्हेअर आता महिन्यातून एकदा येतात. मागच्या खेपेला मी शाळेचे पेपर तपासत होते म्हणून सासूबाईंनीच त्यांना पाटासमोर बसवलं. पाचच्या ओळीचा डाव. खाणीतले नकाशे इंचाइंचाने मोजणारा माणूस, त्यांना सासूबाईंच्या हातातली सोंगटी सरकलेली दिसली नसेल असं होणंच शक्य नाही. मी आतून बघत होते. ते दोन डाव हरले. तिसऱ्या डावात त्यांनी हात आखडता घेतला, पिशवीतून संत्रं काढलं, ते सोलत सासूबाईंना म्हणाले, "बाई, तो तुळशीजवळ कोण उभा आहे?"

सासूबाईंनी वळून पाहिलं. तुळशीजवळ कोणी नव्हतं. परत वळल्या तेव्हा सर्व्हेअरांच्या पाच सोंगट्या एका ओळीत होत्या आणि ते शांतपणे संत्र्याची फोड पुढे करत होते.

सासूबाई पटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्याकडे. इतक्या आदराने त्यांनी घरच्या कोणाकडेही पाहिल्याचं मला आठवत नाही.

"गाडी कितीची हाये तुमची?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच सुटायची वेळ झाली, बाई."

"सुटू द्या," सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पट साफ करून सोंगट्या वेगळ्या करायला लागल्या. मला आत हाक मारली, "वो, पाहुन्यासाठी तांदूळ वाढव. आज मुक्काम हाये."